नोगुचींचे टीपॉय आणि कंदील

इसामू नोगुची यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०४ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. आई लिओनी गिल्मर अमेरिकन लेखिका, वडील योने नोगुची जपानी कवी. मुलाच्या जन्माआधीच वडील जपानला परतले आणि तिथे त्यांनी वेगळा संसार थाटला. १९०७ मध्ये आई मुलाला घेऊन जपानला गेली. पुढे चिगासाकी या समुद्रकाठच्या गावी तिने घर बांधायला काढले, तेव्हा शाळकरी इसामू सुताराच्या हाताखाली काम शिकला. जपानी करवत आणि रंधा पुढे रेटत नाहीत, अंगाकडे ओढतात. हत्यारांची ही रीत त्याच्या अंगवळणी पडली ती तिथेच.

१९१८ मध्ये आईने त्याला एकट्याला इंडियानातील शाळेत पाठवले. तिथे तो सॅम गिल्मर म्हणून वाढला. शिल्पकार व्हायचे ठरल्यावर त्याने वडिलांचे आडनाव घेतले. मात्र जपानला जाण्याआधी वडिलांचे पत्र आले: हे नाव लावून येऊ नकोस. जपानमध्ये परका आणि अमेरिकेत जपानी, ही कोंडी पुढे दोन्ही देशांच्या सरकारी कागदांवरही उमटली.

फर्निचरकडे नोगुची शिल्पातून आले. १९३९ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे अध्यक्ष काँगर गुडइयर यांच्यासाठी त्यांनी लाकूड आणि काचेचे एक टेबल घडवले. त्याच सुमारास एका सजावटकाराने त्यांच्याकडून टीपॉयचा नमुना मागवून घेतला. त्यावर उत्तर काही आले नाही. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध सुरू असताना, अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना छावण्यांत डांबले. न्यूयॉर्कवासी नोगुचींना हा हुकूम लागू नव्हता, तरी ते आपणहून ॲरिझोनातील पोस्टन छावणीत गेले. तिथे बागा, मैदाने आणि कारागिरीच्या शाळा उभारायचा त्यांचा बेत होता. साहित्य मिळाले नाही, अधिकाऱ्यांचे सहकार्यही नाही. बाहेर पडायला सात महिने लागले. आपल्या नमुन्याशी मिळताजुळता टीपॉय दुसऱ्याच्या नावावर जाहिरातीत छापलेला त्यांनी पाहिला तो या छावणीत असताना.

या चिडीतून त्यांनी आपला टीपॉय नव्याने रचला. हर्मन मिलर कंपनीने तो १९४७ मध्ये बाजारात आणला. एकाच आकाराचे दोन वळणदार लाकडी तुकडे, त्यांतला एक उलटा करून दुसऱ्यावर टेकवलेला, मधे फिरती खीळ, आणि वर गोलसर कोपऱ्यांची जाड त्रिकोणी काच. काच कशानेही जखडलेली नाही. ती आपल्याच वजनाने जागेवर राहते. दोन तुकडे म्हणजे दोन वंश, असा अर्थ या टीपॉयवर नेहमी लादला जातो. तो मोह टाळावा. नोगुचींचा मिश्र वारसा प्रतीकापेक्षा त्यांच्या बांधणीच्या रीतीत शोधला, तर जास्त सापडतो.

१९५० मध्ये ते जपानला परतले. डिझायनर इसामू केन्मोची यांच्यासोबत तोक्योत त्यांनी विणलेल्या बांबूची बैठक लोखंडी पायांवर बसवली. ही खुर्ची कारखान्यापर्यंत पोहोचली नाही, पण पुढच्या कामाची दिशा तिच्यात दिसते.

ते काम १९५१ मध्ये गिफू शहरी सुरू झाले. नागारा नदीवर पाणकावळ्यांकडून होणारी मासेमारी पाहायला ते थांबले असता, मंदावलेल्या कंदील-धंद्याला हातभार लावा, अशी विनंती त्यांना झाली. गिफूचा कंदील करताना लाकडी साच्याभोवती बांबूची बारीक कामटी गुंडाळतात, तिच्यावर तुतीच्या सालीचा कागद पट्ट्यापट्ट्यांनी खळीने चिकटवतात, वाळल्यावर आतला साचा सुटा करून काढतात. आकाशकंदिलाच्या कामट्यांना कागद लावलेल्या मराठी हाताला हे काम ओळखीचे वाटेल. नोगुचींनी ही कृती बदलली नाही. त्यांनी मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आणला, वरची फुलापानांची चित्रे आणि जड लाकडी कडी काढली आणि आतून तारेचा सांगाडा दिला. घडी घालून पाकिटात मावणारा ‘अकारी’ नावाचा हा कंदील त्यामुळे जगभर जाऊ लागला. टीपॉय गाजला जास्त, पण नोगुचींच्या दोन्ही जगांची खरी गाठ बसली ती या कागदात.

वंशाचा प्रश्न मात्र सुटला नाही. हिरोशिमातील दोन पुलांचे कठडे नोगुचींचे. तिथल्या अणुबॉम्बच्या बळींच्या स्मारकाचा त्यांचा आराखडा मात्र १९५२ मध्ये नाकारला गेला. ते अमेरिकन असणे हेच त्यामागचे कारण मानले जाते. फर्निचरचे काम मात्र चालूच राहिले. १९५० च्या दशकात नोल कंपनीसाठी त्यांनी तिरप्या तारांवर पेललेले झुलते स्टूल आणि त्याच बांधणीचे टेबल केले.

१९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीत नोगुचींनी स्वतःचे संग्रहालय उघडले. पुढच्याच वर्षी व्हेनिस बिएनालेत अमेरिकेच्या दालनात त्यांनी शिल्पांच्या बरोबरीने गिफूचे कंदील मांडले. ३० डिसेंबर १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. अकारी आजही गिफूतील ओझेकी कार्यशाळेत हातानेच बनतात.