व्हीलचेअर, फोर बाय फोर आणि एक चिवट गैरसमज

हिंजवडीत राहणाऱ्याला उंच गाडीची ओढ का लागते, हे समजावून सांगायला जाहिरात लागत नाही. २०२५ च्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या सुरुवातीलाच, आयटी पार्कमधल्या रस्त्यांचे ओढे झाले आणि ती दृश्ये देशभर फिरली. त्याच रस्त्यांनी ऑफिस गाठणाऱ्यांत व्हीलचेअर वापरणारेही आहेत. शनिवारी पिरंगुट मागे टाकून मुळशी-ताम्हिणीकडे निघावे, डांबरी रस्ता सोडून थोडे आत जावे, असे त्यांनाही वाटते. पण त्यांच्यापैकी कोणी "फोर बाय फोर घेतोय" म्हटले, की सोसायटीच्या पार्किंगपासून शोरूमच्या टेबलापर्यंत एकच उत्तर मिळते: "गाडीत बदल करणे बेकायदा आहे. आरटीओ पास करणार नाही. त्यापेक्षा ड्रायव्हर ठेवा."

हे उत्तर चुकीचे आहे. अर्धवटही नाही, साफ चुकीचे. आणि ते देणारे बहुतेक जण काळजीपोटी देतात, म्हणूनच ते खोडून काढणे जास्त गरजेचे आहे.

हा समज आला कुठून, ते आधी पाहू. ऑफ-रोड गाड्यांचे शौकीन गाडी घेतली की तिला रुंद टायर, उंच सस्पेन्शन, पुढे लोखंडी बुलबार बसवतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुलबारवर कारवाई करायला सांगितले. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. 'गाडीला हात लावायचा नाही' ही समजूत तेव्हापासून पक्की झाली आणि रुंद टायरला लागू होणारा नियम पेडलऐवजी हाताने ब्रेक-ॲक्सिलरेटर चालवणाऱ्या हँड कंट्रोललाही लागू असल्याचे लोक धरून चालले.

जुना कायदाही या गोंधळाला जबाबदार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंग व्यक्तीच्या वाहनाची स्वतंत्र व्याख्या होती, पण तिच्यात एक अडसर होता. वाहन मुळातच अशा व्यक्तीसाठी बनवलेले असायला हवे, नुसता बदल करून घेतलेले चालणार नाही, असे ती व्याख्या सांगत होती. म्हणजे बाजारातली नेहमीची गाडी घेऊन तिला हाताने चालणारा ब्रेक बसवणारा माणूस व्याख्येच्या बाहेरच राहत होता. तीस वर्षे लोकांनी हा कायदा अनुभवला. त्यामुळे "आरटीओ पास करत नाही" हे वाक्य एकेकाळी कोणाच्या तरी अनुभवातून आलेले असणार, हे मान्य करायला हवे.

पण २०१९ च्या दुरुस्तीने ती व्याख्या बदलली, आणि इथेच बहुतेकांची माहिती थांबलेली आहे. आता कायद्यात 'अडॅप्टेड व्हेइकल' हा शब्द आहे. अपंग व्यक्तीसाठी मुद्दाम बनवलेली किंवा तिच्यासाठी बदल केलेली, अशा दोन्ही गाड्या त्यात बसतात. कलम ५२ चे पोटकलम २ तर याहून स्पष्ट आहे. पोटकलम १ मधली बदलांवरची बंदी काहीही असली, तरी कोणतीही व्यक्ती आपल्या मालकीच्या गाडीत बदल करून तिला अडॅप्टेड व्हेइकल करू शकते आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी नंतर घेऊ शकते. अट एवढीच, की बदल केंद्र सरकारने घालून दिलेल्या शर्तींत बसला पाहिजे. बंदीच्या शेजारच्याच पोटकलमात परवानगी लिहिलेली असताना लोकांना फक्त बंदी पाठ असावी, हे चीड आणणारे आहे.

परवान्याचेही तसेच. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला लायसन्स मिळत नाही, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. कायद्याने परवान्याच्या प्रकारांतच अडॅप्टेड व्हेइकल हा एक प्रकार ठेवला आहे. शिकाऊ परवाना मिळतो, वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, चाचणी आपल्या बदललेल्या गाडीवर द्यायची असते. अधिकाऱ्याने पाहायचे ते एवढेच, की ही व्यक्ती ही गाडी सुरक्षितपणे चालवू शकते का. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४१ आणखी पुढे जाते. गाड्यांमध्ये असे बदल करून घेता यावेत म्हणून सरकारने योजना आखाव्यात, असे ते सांगते. संसदेने ज्याला उत्तेजन द्यायला सांगितले, त्याला पार्किंगमधले सल्लागार बेकायदा ठरवतात.

या गैरसमजाची किंमत गाडी न घेणाऱ्यालाच मोजावी लागते असे नाही. 'पास होणारच नाही' असे मनात धरून काही जण ओळखीच्या गॅरेजात रॉड जोडून घेतात आणि नोंदणीच्या वाटेला जात नाहीत. अडचण खरी सुरू होते ती इथे. आरसीवर नोंद नाही, विमा कंपनीला कळवलेले नाही, जोडणी कोणी तपासलेली नाही. उद्या अपघात झाला तर दावा अडकू शकतो. हँड कंट्रोलची किट घेताना एआरएआयसारख्या मान्य चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मागावे. ही संस्था १९६६ पासून पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. बिल, प्रमाणपत्र आणि गाडी घेऊन आरटीओत तपासणी करून घ्यावी आणि आरसीवर नोंद झाल्याशिवाय फाइल बंद करू नये.

पहिले उत्तर खोडले, की दुसरे येते: "कायदा असेल हो, पण ऑफ-रोड झेपणार आहे का?"

दीपा मलिक यांनी या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. १९९९ मध्ये मणक्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर छातीखालचे शरीर निकामी झालेल्या दीपाताई त्यानंतर काही वर्षे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला होत्या. तिथे त्यांनी रेस्टॉरंट चालवले आणि २००६ च्या सुमारास महाराष्ट्राकडून खेळायला सुरुवात केली. रिओ पॅरालिम्पिकमधले २०१६ चे गोळाफेकीतले रौप्यपदक सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या सात वर्षे आधीची गोष्ट कमी जणांना ठाऊक आहे. बदल केलेल्या गाडीसाठी मोटरस्पोर्ट महासंघाचा रॅलीचा परवाना त्यांनी मोठा पाठपुरावा करून मिळवला आणि २००९ मध्ये 'रेड दे हिमालय'मध्ये गाडी घातली. आठ दिवस, सुमारे १,७०० किलोमीटर, शून्याखालची थंडी. पुढच्याच वर्षी वाळवंटातली 'डेझर्ट स्टॉर्म'. परदेशातही उदाहरणे आहेत. २००७ च्या अपघातात कमरेखालची हालचाल गमावलेला स्पॅनिश चालक इसिद्रे एस्तेवे हाताच्या नियंत्रणांवर डकार रॅली धावला आहे. फ्रान्सच्या फिलिप क्रोइझॉँ यांना दोन्ही हात आणि दोन्ही पाय नाहीत. २०१७ ची डकार त्यांनी जॉयस्टिकवर पूर्ण केली. सर्वांनी रॅलीतच उतरावे असे नाही, पण 'झेपत नाही' हे वाक्य यानंतर कोणाला तोंडावर सांगू नये.

मग अडचणी नाहीत का? भरपूर आहेत. फक्त त्या कायद्याच्या पुस्तकात नाहीत, गाडीच्या दारात आणि सीटखाली आहेत, आणि शोरूममध्ये त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही.

दारापासून सुरुवात करू. साध्या व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण पन्नास सेंटिमीटरवर असते. ऑफ-रोड गाडीची सीट तिच्यापेक्षा बरीच वर. हॅचबॅकमध्ये शरीर आडवे सरकवायचे असते, इथे ते हातांच्या जोरावर वर उचलायचे असते. एक हात सीटच्या कडेवर, दुसरा वरच्या मुठीवर, मध्ये साइड-स्टेप आडवी. ही साइड-स्टेप चालणाऱ्याला पायरी होते, व्हीलचेअरला मात्र ती दारापासून वीतभर लांब ठेवते. तेवढ्या फटीवर फळी टाकावी लागते आणि फळी चढणीची होते. खांद्यात आज ताकद आहे म्हणून दहा वर्षांनी असेल असे नाही, आणि हे दिवसातून चार-सहा वेळा करायचे आहे. सीट फिरून बाहेर येणारी रचना हा यावरचा एक उपाय. मारुतीने २०२५ मध्ये वॅगनआरसाठी अशी सीट आणली, पण ती कमी उंचीची गाडी आहे.

आत बसल्यावर पुढचा प्रश्न खुर्चीचा. घडीची पोलादी व्हीलचेअर पंधरा-वीस किलोंची असते. तीन दारांच्या थारमध्ये ती मागे ठेवायची, तर स्टेपनी टांगलेले मागचे दार उघडायला कोणीतरी गाडीच्या मागे चालत जायला हवे. एकटा चालक ते करू शकत नाही. त्याला चाके काढून, सांगाडा स्वतःच्या अंगावरून ओढून शेजारच्या सीटवर ठेवावा लागतो. म्हणून एकट्याने फिरणाऱ्याने गाडीआधी खुर्ची बदलावी. चाके एका बटणावर निघणारी हलकी खुर्ची असेल, तर निम्मा प्रश्न सुटतो.

मग गिअर. हँड कंट्रोलचा दांडा एका दिशेला ढकलला की ब्रेक, दुसरीकडे ओढला किंवा दाबला की ॲक्सिलरेटर. एक हात सतत त्यावर, दुसरा स्टिअरिंगवर बसवलेल्या गोळ्यावर. क्लचला हातच उरत नाही. हाताने क्लच चालवणारी किट आहेत, पण दगडधोंड्यांच्या चढावर ऑटोमॅटिकच हवी. त्यामुळे पुण्यातल्याच फोर्सची गुरखा, कितीही दणकट असली तरी, या यादीतून बाहेर पडते, कारण ती फक्त मॅन्युअल गिअरबॉक्ससह येते. तीन दारांची थार आणि जिम्नी ऑटोमॅटिकमध्ये मिळतात, पण दोघींचा फोर-लो दांड्याने लागतो. गाडी उभी करायची, न्यूट्रलला घ्यायची, मग दांडा ओढायचा. तो दांडा डाव्या हाताला असतो. हँड कंट्रोलही डावीकडे बसवला असेल, तर ब्रेक धरणारा आणि दांडा ओढणारा हात एकच. पार्किंग ब्रेक आधी ओढण्याची सवय किंवा ब्रेक अडकवून ठेवणारी किट, यातले एक लागतेच. थार रॉक्समध्ये फोर-व्हील बटणावर लागते, म्हणून या एका बाबतीत ती सोयीची.

आणखी दोन गोष्टी, ज्यांची जाणीव पायात संवेदना असलेल्याला होत नाही. खडबडीत रस्त्यावर पाय उसळून पेडलखाली जाऊ शकतात आणि नेमक्या क्षणी ब्रेक दाबलाच जात नाही. म्हणून पेडलवर कवच आणि पावलांना पट्टा हवा. तसेच गाडीचा तापलेला भाग पायाला टेकलेला असेल, तर भाजल्याचे घरी गेल्यावर कळते. बसण्याच्या जागी जखम होऊ नये म्हणून व्हीलचेअरची गादीच सीटवर घ्यावी, पण तिच्यामुळे वाढलेल्या उंचीला सीटबेल्ट नीट बसतो का, हे तपासूनच.

आता बाकीचे समज, थोडक्यात.

'व्हीलचेअरसकट रॅम्पवरून आत जाऊन चालवता येईल.' अशा गाडीचा तळ खाली घ्यावा लागतो. शिडीसारखी चॅसी, तिच्यावर बॉडी आणि मध्ये ट्रान्सफर केस असलेल्या ऑफ-रोड गाडीत ते करायला जागाच नसते. खुर्चीसकट प्रवास हवा असेल तर व्हॅन घ्यावी, आणि खुर्ची चारही बाजूंनी बांधणारे पट्टे आयएसओ १०५४२ मानकाचे असावेत.

'अपंगांना जीएसटी कमी, मग मोठी गाडी स्वस्त पडेल.' ती सवलत कधीच मोठ्या गाडीला नव्हती. चार मीटरच्या आत लांबी, पेट्रोल १,२०० आणि डिझेल १,५०० सीसीपर्यंत, अशी मर्यादा होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या आकाराच्या गाड्यांना सगळ्यांसाठीच १८ टक्के कर आहे आणि मोठ्यांना ४० टक्के. जिम्नी चार मीटरच्या आत आहे, पण तिचे इंजिन १,४६२ सीसी पेट्रोल, म्हणून ती ४० टक्क्यांत. १८ टक्क्यांत बसणारी दीड लिटर डिझेल थार मॅन्युअल आहे आणि फोर बाय फोर नाही.

'वॉरंटी जाते.' ठरवून दिलेल्या निकषांत बसणाऱ्या बदलाने वॉरंटी रद्द समजू नये, असे कलम ५२ मध्येच लिहिले आहे. विक्रेत्याकडून ते लेखी घ्यावे.

'विमा महागतो.' आरसीवर नोंद असेल, तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सवलतीची तरतूद मोटार विम्याच्या दरपत्रकात आहे. एजंटने स्वतःहून सांगितले नाही, तर विचारावे.

'घरातल्या दुसऱ्याला ती गाडी चालवता येत नाही.' मूळ पेडल जागेवरच असतात. मात्र कायद्याच्या व्याख्येनुसार ही गाडी त्या व्यक्तीसाठीच वापरायची असते, तिला वगळून नाही.

'६५० मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणजे निर्धास्त.' हा आकडा थारच्या क्षमतेचा आहे, चालकाच्या नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर चालणारा दार उघडून उतरतो. व्हीलचेअर वापरणाऱ्याने एकटे असताना गाडी पाण्यात घालू नये, मग तो ओढा ताम्हिणीचा असो की हिंजवडी फेज दोनचा.

शोरूमला जाण्याआधी घरी आपल्या खुर्चीच्या बैठकीची उंची, घडी केल्यावरची रुंदी आणि वजन मोजून कागदावर लिहावे. तिथे गेल्यावर टेस्ट ड्राइव्हआधी उभ्या गाडीत तीनदा चढून उतरून पाहावे, तिसऱ्यांदा दमलेल्या खांद्यांनी. स्वतःची खुर्ची स्वतःच आत घ्यावी. विक्रेता मदतीला धावला, तर त्याला दोन पावले मागे उभे राहायला सांगावे आणि मोबाइलवर वेळ मोजायला सांगावे. तीन मिनिटे लागली की दहा, त्यावर मॉडेल ठरते.