फासे टाकण्याआधी बोला!

वीकेंड म्हटलं की आपलं काय ठरलेलं असतं? शुक्रवारी रात्री ‘काहीतरी करू या यार’, शनिवारी दुपारपर्यंत झोप, संध्याकाळी मॉल नाहीतर कॅफे आणि रविवारी रात्री ‘छे, सुट्टी कुठे गेली?’ त्यातून घरच्यांबरोबरचा वीकेंड म्हणजे एका खोलीत पाच माणसं आणि पाच मोबाइल. मीही याच जमातीतली. पण ऑक्टोबर २०२४ मधले दोन दिवस आमच्या घराने मोबाइल खिशात ठेवून काढले. तेही जर्मनीत, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या जत्रेत!

माझी ताई ड्युसेलडॉर्फला असते. आई-बाबा तिच्याकडे दोन महिन्यांसाठी गेले होते आणि शेवटचे पंधरा दिवस मीही जाऊन धडकले. गेल्या गेल्या लक्षात आलं, घरात काहीतरी बिनसलंय. बाबा आणि ताई एकमेकांशी फक्त ‘जेवलीस का’ आणि ‘चहा घेता का’ एवढंच बोलत होते.

कारण होतं पासपोर्ट. त्याच वर्षी जून महिन्यात जर्मनीचा नागरिकत्वाचा नवा कायदा लागू झाला. पाच वर्षं राहिलेल्यांना अर्ज करता येऊ लागला आणि ताईने तो करून टाकला. जर्मनी दुहेरी नागरिकत्व देते, पण भारत देत नाही. म्हणजे एक दिवस आपला निळा पासपोर्ट परत करावा लागणार. ताईने बाबांना हे सांगितलं ते अर्ज गेल्यावर.

‘‘बाबा, ओसीआय कार्ड मिळतं ना!’’ ताई म्हणाली.

‘‘कार्ड तर रेशनचंही मिळतं,’’ बाबा म्हणाले. विषय संपला. म्हणजे संपला नाही, गप्प झाला.

त्यात ३ ऑक्टोबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. बाबांनी ती बातमी फॅमिली ग्रुपवर तीनदा फॉरवर्ड केली. तिसऱ्यांदा खास ताईला टॅग करून!

चला एसेनला

या शीतयुद्धात ताईच्या ऑफिसमधला मित्र देवासारखा धावून आला. हा पठ्ठ्या मूळचा नागपूरचा आणि बोर्ड गेम्सचा किडा. ‘‘एसेनला ‘श्पील’ सुरू आहे. शनिवार-रविवार सगळे चला. काकांनापण घ्या,’’ त्याने फर्मानच काढलं.

‘श्पील’ म्हणजे जर्मन भाषेत खेळ. ही जत्रा १९८३ मध्ये एसेनमधल्या प्रौढ शिक्षण केंद्रात अगदी छोटेखानी सुरू झाली. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या बोर्ड गेम मेळ्यांपैकी एक आहे. २०२४ मध्ये चार दिवसांत दोन लाखांवर लोक आले आणि नऊशेहून जास्त स्टॉल होते. इथे व्हिडिओ गेम्सचं राज्य नाही. पट, पत्ते, फासे, सोंगट्या, बस्स!

आईचा प्रश्न वेगळाच होता. ‘‘घटापुढचा दिवा कोण बघणार?’’ ताईचं घर लाकडी फरशीचं आणि छताला धुराचा अलार्म. शेवटी जिजूंनी दोन्ही दिवस दिव्याची ड्यूटी घेतली. त्यांना खेळांची ॲलर्जी आहे आणि दुपारच्या झोपेची आवड. सगळेच खूश.

मग ट्रेनने एसेन, तिथून यू-११ मेट्रो. डब्यात जो तो रिकामी ट्रॉली बॅग घेऊन. बाबा म्हणाले, ‘‘हे सगळे एअरपोर्टला चाललेत का?’’ नाही हो बाबा, खेळ भरून आणायला!

बसा, खेळा, उठा

आत गेल्यावर माझा तर जबडाच पडला. हॉलमागून हॉल आणि जिकडे बघावं तिकडे टेबलं. कॉलेजची पोरं, तान्ही बाळं पोटाशी बांधलेले आईबाप, सत्तरीच्या आज्या, सगळे पटावर वाकलेले. पद्धत सोपी आहे. टेबल रिकामं दिसलं की बसायचं. स्टॉलचा माणूस येऊन नियम समजावतो. खेळा, आवडला तर विकत घ्या, नाहीतर उठा. कुणी मागे लागत नाही.

‘‘हे जर्मन लोक इतके खेळवेडे कसे?’’ मी मित्राला विचारलं. त्याच्या मते एक कारण रविवार. इथे रविवारी दुकानं बंद असतात. बाहेर थंडी, पाऊस. मग घरात बसून करायचं काय? शिवाय १९७९ पासून दर वर्षी ‘श्पील डेस यारेस’, म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, असा पुरस्कार दिला जातो. त्याचा लाल शिक्का खोक्यावर आला की लोक डोळे मिटून खेळ उचलतात. १९९५ मध्ये तो ‘कटान’ला मिळाला. तो बनवणारे क्लाउस टॉयबर तेव्हा दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ होते. पुढे ‘कटान’ चार कोटींहून जास्त खपला!

आणि बाबांची कळी खुलली ती एका लाल-पिवळ्या खोक्यापाशी. ‘मेन्श एर्गेरे डिश निश्ट’, म्हणजे ‘अरे माणसा, चिडू नकोस’. शंभरेक वर्षं जर्मन घराघरांत खेळला जाणारा हा खेळ. बाबांनी पट पाहिला आणि ओरडलेच, ‘‘अगं, हा तर आपला ल्यूडो! म्हणजे आपली पचिसी!’’ खरंच होतं. कवड्या टाकून खेळायची आपली पचिसी परदेशात गेली आणि इंग्लंडमध्ये ल्यूडो, जर्मनीत ‘चिडू नकोस’ झाली. पहिल्या महायुद्धात याचे तीन हजार संच सैनिकी दवाखान्यांत वाटले होते. जखमी सैनिक खेळत बसायचे.

‘‘म्हणजे आपली पचिसीही इथे येऊन सेटल झाली,’’ ताई हळूच म्हणाली. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आईची तर वेगळीच धमाल. क्रोकिनोल नावाचा एक खेळ असतो. गोल लाकडी पाट, मधोमध भोक, बोटाने चकत्या मारायच्या. कॉलेजात कॅरम गाजवलेल्या आईने पदर खोचला आणि दोन धिप्पाड जर्मन पोरांना सलग हरवलं. माझी सात वर्षांची भाची ‘‘ओमा! ओमा!’’ करून नाचत होती. दुपारी जमिनीवर बसून आम्ही साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडला. त्या हरलेल्या पोरांनीही चमचा-चमचा खाऊन बघितली.

गप्प बसा, विमान उतरवायचंय

असली गंमत रविवारी झाली. त्या वर्षीचा लाल शिक्का मिळाला होता ‘स्काय टीम’ या खेळाला. फक्त दोघांनी खेळायचा. एक पायलट, दुसरा को-पायलट. दोघांनी मिळून विमान उतरवायचं. जिंकले तर दोघं, हरले तर दोघं. टेबलापाशी दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या. नागपूरकराने बाबांना एकीवर बसवलं आणि दुसरीवर ताईला ढकललं. लबाड कुठला!

नियम ऐका. प्रत्येकाकडे चार फासे, आपापल्या पडद्याआड टाकायचे. मग एकेक फासा आळीपाळीने समोरच्या पटावर लावायचा. इंजिन, चाकं, ब्रेक, रेडिओ. दोघांच्या फाशांत जास्त फरक पडला की विमान एका बाजूला कलतं. सगळ्यात भारी नियम म्हणजे फासे टाकण्याआधी हवं तेवढं बोला. एकदा टाकले की फाशांबद्दल अवाक्षर नाही. समोरच्याचं मन ओळखायचं.

पहिल्यांदा दोघं आधीही बोलले नाहीत. तिसऱ्या फेरीत विमान कललं आणि गेलं. बाबा चष्मा पुसत म्हणाले, ‘‘असं नाही चालणार. आधी ठरवू या.’’ कित्येक दिवसांनी ते ताईशी पूर्ण वाक्य बोलले होते.

दुसऱ्या डावात बोलणं सुरू झालं. ‘‘मी रेडिओ बघते, तुम्ही चाकं काढा.’’ ‘‘मी मोठा आकडा लावला तर तू पण मोठा लाव.’’ तरी शेवटच्या फेरीत ब्रेक कमी पडले. तिसऱ्या डावात विमान सुखरूप टेकलं आणि बाबांनी चक्क टाळी मागितली. ताईने दिली. मी मोबाइल काढून फोटो घ्यायला विसरले. बरंच झालं.

परतीच्या ट्रेनमध्ये भाची झोपली होती. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘तू फासे आधी टाकलेस आणि मग बोललीस.’’

ताईला क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाली, ‘‘आधी विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.’’

बाबांनी विचार केला. ‘‘हो, म्हणालो असतो. भांडलोही असतो. पण बोललो तरी असतो ना.’’

ताई त्यावर काही बोलली नाही. उतरताना बाबांच्या हातातलं खोकं तिने घेतलं, एवढंच.

कुठला चमत्कार झाला नाही. ताईने अर्ज मागे घेतला नाही आणि बाबांना तो निर्णय आजही आवडलेला नाही. पण पुढचे चार दिवस रात्री जेवणं झाली की विमान उतरायचं. आणि उतरता उतरता बाबा विचारायचे, तिथे म्हातारपणी पेन्शन कशी मिळते? भाचीची शाळा कशी? तुला इथे एकटं वाटतं का गं? हे प्रश्न समोरासमोर बसून त्यांनी कधीच विचारले नसते. हातात फासा असला की विचारता येतात.

मी शिकले ते एवढंच. आपल्याला घरच्यांशी बोलायचं नसतं असं नाही. टेबलावर मधे ठेवायला काहीतरी लागतं, बस्स. येत्या शनिवारी माळ्यावरचा कॅरम खाली काढून बघा!

तुम्हालाही खेळायचंय? हे लक्षात ठेवा

• ‘श्पील’ दर वर्षी ऑक्टोबरमध्ये एसेनला भरतं. तिकिटं आधीच ऑनलाइन काढा.
• शूज आरामशीर हवेत. हाय हील्स घरीच ठेवा.
• खेळल्याशिवाय विकत घेऊ नका. खोक्यावरचं चित्र फसवं असतं आणि बॅगेला किलोची मर्यादा असते!
• जर्मनीला जाणं शक्य नाही? पुण्या-मुंबईत बोर्ड गेम कॅफे आहेत. घरच्यांना एकदा घेऊन जा.
• हरलं की रुसणारी मंडळी घरात असतील तर सुरुवात सगळ्यांनी मिळून जिंकायच्या खेळापासून करा.