वयाचं नाव शेवटी घ्यावं

गेल्या आठवड्यात आपण बीजांडांचा साठा वयाबरोबर कसा आटत जातो ते पाहिलं. हे आटणं बाईला पहिल्यांदा कळतं ते पाळीच्या तारखांवरून. अनेकींची पाळी लांबण्याआधी जवळ येते. 28 दिवसांनी येणारी 24 दिवसांवर येते, कारण मेंदूकडून एफएसएच या संप्रेरकाचा रेटा वाढतो आणि बीजांड लवकर पिकतं. मग लागोपाठच्या चक्रांमध्ये सात-सात दिवसांचा फरक पडू लागतो. अभ्यासक रजोनिवृत्तीकडच्या वाटचालीची सुरुवात इथून धरतात. पुढे 60 दिवस किंवा त्याहून जास्त काळ पाळी आली नाही, की शेवटचा टप्पा लागला. भारतीय बायकांची पाळी सरासरी 46-47व्या वर्षी थांबते, त्यामुळे चाळिशीच्या सुरुवातीला तारखा हलल्या तर त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

तारखा हलणं वेगळं आणि रक्तस्राव बेताल होणं वेगळं. बीज सुटलं की अंडाशयात मागे राहिलेल्या पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन पाझरतं. ते गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही की त्याची पातळी उतरते आणि अस्तर चार-पाच दिवसांत निघून जातं. चाळिशीनंतर मात्र काही महिने बीज सुटतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन नसतं, पण इस्ट्रोजेन असतं, कधी कधी तर पूर्वीपेक्षाही जास्त. अस्तर वाढत राहतं आणि ओल धरलेल्या भिंतीचे पोपडे पडावेत तसं जागोजाग सुटू लागतं. म्हणून दोन महिने काहीच नाही आणि मग पंधरा दिवस अंगावरून जातच राहतं. म्हणून पाळी नसतानाही मधेच दोन दिवस नुसते तपकिरी डाग.

हे ऐकून घरातली जाणती बाई म्हणते, ‘या वयात असंच असतं, पाळी जायची वेळ आली.’ बऱ्याचदा ते खरंही असतं. माझा आक्षेप एवढाच, की हे कारण सगळ्यात आधी दिलं जातं. ते सगळ्यात शेवटी, बाकीची कारणं तपासून झाल्यावर द्यायला हवं. कारण हेच एकटं पडलेलं इस्ट्रोजेन दीर्घकाळ अस्तराला वाढवत राहिलं तर तिथल्या पेशी बिघडू शकतात आणि त्यातून गर्भाशयाचा कर्करोग होऊ शकतो. वजन खूप असेल, मधुमेह असेल, तरुणपणापासून पीसीओएस असेल किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल, तर ही शक्यता वाढते. ‘वयानुसार’ होणारा रक्तस्राव आणि हा रक्तस्राव कपड्यावर सारखेच दिसतात.

फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने 2011 मध्ये अनियमित रक्तस्रावाच्या कारणांची वर्गवारी मांडली. पॉलिप, अ‍ॅडिनोमायोसिस, फायब्रॉइड आणि कर्करोग ही तपासणीत दिसू शकणारी कारणं. उरलेल्यांत रक्त न गोठण्याचे आजार, बीज न सुटणं, अस्तराचाच दोष आणि औषधांचा किंवा उपकरणांचा परिणाम. तांबी बसवलेली असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. थायरॉइडची तपासणीही करून घ्या. आणि गरोदरपणाची चाचणी टाळू नका. या वयात दिवस राहणं अवघड असलं तरी अशक्य नसतं.

औषधांचं आपल्याकडचं एक ठळक उदाहरण म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गौरी-गणपती, घरचं लग्न, वारी. कारण काहीही असो, नॉरइथिस्टेरॉनची पाकिटं औषधाच्या दुकानातून परस्पर आणली जातात. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. तो अपेक्षितच असतो. पण आधीच विस्कटलेल्या चक्रात वर्षातून तीन-चारदा या गोळ्या घेतल्या, की कोणता रक्तस्राव गोळीचा आणि कोणता दुखण्याचा हे सांगता येत नाही. ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली आहे किंवा ज्यांना यकृताचा आजार आहे, त्यांनी तर विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये.

काही खुणा दिसल्या तर मात्र पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. तासा-तासाला पॅड बदलावं लागणं, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, आठ दिवसांपेक्षा जास्त काळ रक्त जाणं, संबंधांनंतर डाग पडणं. यातल्या शेवटच्यात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी लागते. आणि सलग बारा महिने पाळी आली नसेल, तर त्यानंतर दिसलेला एक थेंबसुद्धा दाखवायचा. पाळी ‘परत आली’ असं म्हणून आनंदाने किंवा संकोचाने गप्प बसलेल्या बायका उशिरा येतात, याचं मला फार वाईट वाटतं. अशा रक्तस्रावाचं कारण बहुतेकदा कोरडं, पातळ झालेलं अस्तर किंवा पॉलिप निघतं. पण साधारण दहातल्या एकीला कर्करोग असतो, आणि रक्तस्रावामुळे तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते.

तपासण्या फार नाहीत. हिमोग्लोबिन, कारण थकवा हळूहळू अंगवळणी पडतो आणि 12 च्या खाली गेलेला आकडा बाईला जाणवतही नाही. सोनोग्राफी, शक्यतो योनिमार्गातून आणि पाळी संपल्यावर लगेच. वय 45 च्या पुढे असेल तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला घेणं. बऱ्याचदा ते दवाखान्यातच, भूल न देता होतं. 45 नंतर रजोनिवृत्ती जवळ आली का हे पाहायला एफएसएचची महागडी चाचणी मात्र सहसा लागत नाही. त्या काळात तो आकडा आज एक, तर महिन्याने दुसराच येतो.

आता उपचारांबद्दल, आणि इथे मला जास्त काळजी वाटते. ‘मुलंबाळं झालीत ना, मग पिशवी काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे फार सहज मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं 2019 मध्ये सर्वेक्षण झालं, तेव्हा सुमारे 82 हजार जणींपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्याही आतल्या होत्या. पाळीच्या दिवसांत कामावर खाडा झाला की मुकादमाकडून दंड, फडात आडोसा नाही, पाणी नाही. दुखणं जगण्याच्या हालांचं होतं, आणि उपाय शस्त्रक्रियेचा मिळाला.

शस्त्रक्रिया कधी कधी खरोखर लागते. पण त्याआधी ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड आहे, जे फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घ्यायचं असतं. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचं, संप्रेरक सोडणारं साधन आहे. पहिले तीन-सहा महिने त्याने डाग पडतात, म्हणून अनेकजणी कंटाळून ते काढून टाकतात. थोडा धीर धरला तर रक्तस्राव पुष्कळ कमी होतो आणि साधन काही वर्षं टिकतं. फायब्रॉइड त्रास देत नसेल तर नुसतं लक्ष ठेवून चालतं, पाळी थांबल्यावर तो बहुधा आक्रसतो.

तरीही कुणी पिशवी काढायला सांगितलंच, तर तीन प्रश्न विचारा. अस्तराच्या तपासणीचा अहवाल काय म्हणतो? औषधांनी किंवा साधनाने किती महिने प्रयत्न झाला? आणि अंडाशय ठेवणार की काढणार? तिसरा प्रश्न बायका विचारत नाहीत, पण पुढची तीस वर्षं हाडं आणि हृदय कसं राहील हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर ठरतं. हाडांचं पुढच्या भागात पाहू.