राऊटरची खाच : एकदम की टप्प्याटप्प्याने?

लाकडात खाच पाडायला सुतार पटाशी वापरतो. हेच काम राऊटर हे विजेवर चालणारे यंत्र झटपट करते. समजा, आपल्याला १२ मिमी खोल खाच हवी आहे. मग पाते सरळ १२ मिमीवर लावून एकाच फेरीत काम का उरकू नये?

आधी वेग पाहू. १२ मिमी व्यासाचे पाते मिनिटाला २४,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४०० फेरे झाले. पात्याचा परीघ सुमारे ३८ मिमी. म्हणजे त्याची धार सेकंदाला १५ मीटर, अर्थात ताशी सुमारे ५४ किमी वेगाने लाकडावर आदळते. खोली दुप्पट केली की धारेला दुप्पट लाकूड कापावे लागते आणि विरोधही साधारण दुप्पट होतो. मग यंत्र हाताला हिसका देते. ते रेटेनासे होऊन पुढे सरकणे मंदावले, की पाते एकाच जागी घासते, तापते आणि लाकूड करपते.

दुसरा धोका वाकण्याचा. पाते म्हणजे एका टोकाला धरलेली दांडीच. टोकावर तेवढाच जोर ठेवून तिची बाहेरची लांबी दुप्पट केली, तर ती आठपट वाकते. वर्गात हे सहज दाखवता येईल. प्लास्टिकची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर १० सेमी काढून घट्ट दाबा, टोकाला ५० ग्रॅम वजन टांगा आणि टोक किती खाली आले ते मोजा. मग २० सेमी काढून पाहा. म्हणूनच, जास्त खोली मिळावी म्हणून पाते पकडीतून (कॉलेटमधून) बाहेर ओढू नये. ते वाकते, थरथरते, निसटू किंवा तुटू शकते.

एका फेरीत पात्याच्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक खोल जाऊ नये, असा साधा नियम आहे. ६ मिमी पात्याने १२ मिमी खोल खाच चार फेऱ्यांत पाडावी. लाकूड कठीण असेल तर फेऱ्या वाढवाव्यात.

खोली लावताना प्रथम प्लग काढावा. पात्याचा दांडा पकडीत पूर्ण घालून २-३ मिमी वर घ्यावा आणि पकड आवळावी. पाते वरखाली होणाऱ्या राऊटरमध्ये ते खाली दाबून फळीला टेकवावे. हे आपले शून्य. आता खोली रोखणारा दांडा आणि त्याखालचा टेकू यांत हव्या खोलीइतके अंतर ठेवून दांडा पक्का करावा. फळी शिकंज्यात आवळावी, चष्मा लावावा. आधी टाकाऊ तुकड्यावर खाच पाडून तिची खोली मोजावी. प्रत्येक वेळी खोली बदलण्यापूर्वी यंत्र बंद करून पाते पूर्ण थांबू द्यावे.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण : ८ मिमी पात्याने १८ मिमी खोल खाच पाडायला कमीत कमी किती फेऱ्या लागतील? उत्तर पाच, चार फेऱ्या ४ मिमीच्या आणि शेवटची २ मिमीची.