बसल्या जागीही ऊर्जा खर्च होते

“दिवसभर बसूनच तर असते मी, डॉक्टर. मग जेवण कशाला लागायला हवे?” पंचाहत्तरीच्या एका आजींनी मला विचारले. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी अर्धी पोळी, रात्री कपभर दूध, एवढाच त्यांचा आहार. घरच्यांना वाटे, वयच झाले. मात्र मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या होत्या.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर ऊष्मागतिकीच्या दोन नियमांत आहे. पहिला नियम असा, की ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. तिचे केवळ रूप बदलते. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवला आणि किती बर्फ वितळले यावरून त्याच्या शरीराची उष्णता मोजली. श्वसन हे मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या ज्वलनाचे इंधन म्हणजे अन्न. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून वा प्रथिनातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थातून ९.

दुसऱ्या नियमानुसार, ऊर्जेचे रूप बदलताना तिचा काही भाग उष्णता होऊन निसटतोच आणि कोणतीही सुव्यवस्था आपोआप टिकत नाही. पेशी अन्नातील ऊर्जेचा काही भाग ‘एटीपी’ या रेणूच्या रूपाने हाताशी ठेवतात, जणू व्यवहारातले सुटे पैसे. हृदय, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे हे पैसे झोपेतही खर्च करतात. बैठ्या माणसाच्या रोजच्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा या देखभालीतच जाते.

ताटातून न आलेली ऊर्जा मग शरीर स्वतःच्या चरबीतून आणि स्नायूंतून काढते. स्नायू झिजले की उठताना तोल जातो, पडण्याची भीती वाढते, थंडीही अधिक बाधते.

म्हणून घरातील ज्येष्ठांचे वजन दरमहा एकाच काट्यावर करून लिहून ठेवावे. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ते ५ टक्क्यांनी, म्हणजे ६० किलोचे ५७ किलो झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य, एखादे औषध किंवा दातांचा त्रास यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. घट्ट वरण, दही, अंडे, चमचाभर तूप असे थोडे थोडे, पण अनेकदा द्यावे. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असल्यास आहार आधी डॉक्टरांना विचारून ठरवावा.

आजींची कवळी सैल झाली होती. चावताना हिरड्या दुखत. मुलाला खर्च नको, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. बोलल्या होत्या त्या फक्त बांगड्या.