ॲक्टन बर्नेल : किल्ल्याचा साज ल्यालेला वाडा

इंग्लंडच्या पश्चिम भागातील श्रॉपशर परगण्यात, श्रूजबरी शहराच्या दक्षिणेस सुमारे १३ किलोमीटरवर असलेल्या ॲक्टन बर्नेल या लहानशा गावी तांबड्या वालुकाश्माच्या एका मध्ययुगीन वास्तूचे छप्पर हरवलेले अवशेष उभे आहेत. ही वास्तू किल्ला म्हणून ओळखली जात असली, तरी वस्तुतः ती गढीवजा वाडा, म्हणजे जहागिरीच्या धन्याचे तटबंदीच्या धाटणीने बांधलेले निवासस्थान होय.

हा वाडा रॉबर्ट बर्नेल याने उभारला. तो राजा पहिला एडवर्ड याचा चॅन्सेलर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारा प्रमुख अधिकारी, तसेच बाथ आणि वेल्सचा बिशपही होता. १२८३ मध्ये राजाचा येथे मुक्काम असताना व्यापाऱ्यांच्या येणे-वसुलीसंबंधीचा कायदा जाहीर झाला आणि महापौरासमोर नोंदवलेले कर्ज मुदतीत न फिटल्यास ऋणकोचा माल विकून धनकोची भरपाई करण्याची सोय झाली. पुढच्याच वर्षी बर्नेलला चर्या, म्हणजे आडोसा घेऊन मारा करता यावा म्हणून भिंतीच्या माथ्यावर ठेवले जाणारे दातेरी कठडे, बांधण्याचा राजपरवाना मिळाला. असा परवाना संरक्षणाची सोय तर होताच, पण त्याहून अधिक तो राजकृपेची जाहीर खूण होता.

अवशेषांपुढे उभे राहिले, की चार कोपऱ्यांचे मनोरे आणि वरच्या चर्या पाहून प्रथम लष्करी ठाण्याचाच भास होतो. मात्र पहिल्या मजल्यावरील दिवाणखान्याच्या उंच, प्रशस्त खिडक्यांकडे लक्ष गेले, म्हणजे वास्तूचा खरा हेतू उलगडतो. दीर्घ वेढ्याला तोंड देण्यासाठी बांधलेल्या भिंतीत अशा खिडक्या ठेवणे धोक्याचे ठरले असते. येथे मात्र भरपूर उजेड, पाहुण्यांची बडदास्त आणि धन्याचा रुबाब यांनाच अग्रक्रम मिळाला होता.

बर्नेल १२९२ मध्ये मरण पावला. पुढे वाडा ओस पडला आणि अठराव्या शतकात तर त्याचा धान्याच्या कोठारासारखा वापर झाला. आज हे अवशेष इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या देखभालीखाली असून प्रवेश विनामूल्य आहे. येथे येणाऱ्याने चर्यांइतकेच खिडक्यांकडेही निरखून पाहावे, कारण मध्ययुगीन सत्ताधाऱ्याला शत्रूच्या भयाइतकीच आपल्या प्रतिष्ठेचीही चिंता होती, याची साक्ष त्या देतात.