जुन्या मोटारीतील ‘बॅक कॉम्प्रेशन’ : निळा धूर दिसताच इंजिन उघडण्याची घाई नको

भिलाई-३ (छत्तीसगड) : रायपूर आणि दुर्ग यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील भिलाई-३ परिसरात पंधरा-वीस वर्षे वयाच्या मोटारी आजही नित्य वापरात आहेत. कारखाना, रेल्वे यार्ड आणि वसाहती यांच्या दरम्यानच्या रोजच्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या आणि मधूनच नागपूरपर्यंतचा अडीचशे किलोमीटरहून अधिक लांबीचा प्रवास, असे त्यांचे दुहेरी आयुष्य असते. अशा मोटारीच्या धुराड्यातून निळसर धूर दिसू लागला, हवेच्या फिल्टरच्या पेटीत तेल साचू लागले किंवा तेलाची मोजपट्टी आपल्या जागेवरून वर उचलली जाऊ लागली की, ‘बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिनाचे काम निघाले’ असा निर्णय बहुधा लगेच ऐकू येतो. या निर्णयाची किंमत हजारो रुपयांत मोजावी लागते. मात्र हीच लक्षणे काही वेळा काही शे रुपयांच्या झडपेमुळे किंवा चोंदलेल्या रबरी नळीमुळेही दिसतात. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी निदान कसे करावे, हे मोटारमालकाने समजून घेणे गरजेचे आहे.

बॅक कॉम्प्रेशन म्हणजे काय?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधनाचा भडका उडतो तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पट दाब निर्माण होतो. हा वायू वरच अडवून धरण्याचे काम पिस्टनभोवतीच्या रिंगा करतात. तापल्यावर प्रसरण पावण्यास वाव मिळावा म्हणून प्रत्येक रिंगेच्या दोन टोकांत मिलिमीटरच्या अंशाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. त्या फटीतून आणि रिंगेच्या कडेने थोडा वायू खाली, तेलाच्या कोठीत, उतरतोच. यालाच गॅरेजच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन आणि अभियांत्रिकीच्या भाषेत ‘ब्लो-बाय’ म्हणतात.

नव्या इंजिनातही हे घडते, कारण भडक्यांची संख्याच मोठी असते. मारुती ८०० चे ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्यात मिनिटाला ४,५०० भडके उडतात. प्रत्येक भडक्यातून निसटणारा अत्यल्प वायू एकत्र झाला की तेलाच्या कोठीत दाब वाढू लागतो. या वायूत न जळलेले इंधन, पाण्याची वाफ आणि आम्लधर्मी घटक असतात. त्याला बाहेर पडण्याची वाट मिळाली नाही, तर तो तेलाला घेऊन सील, पॅकिंग आणि मोजपट्टीच्या नळीतून मार्ग काढतो. म्हणूनच इंजिनाबाहेर दिसणारी प्रत्येक तेलगळती ही खराब पॅकिंगचीच खूण असते, असे नाही. आतला दाब कायम असेपर्यंत पॅकिंग बदलूनही गळती परतते.

वायूची वाट आणि तिची झडप

जुन्या आराखड्याच्या मोटारींत हा वायू एका उघड्या नळीने थेट रस्त्यावर सोडला जात असे. नियंत्रण नसलेल्या मोटारीतून हवेत जाणाऱ्या हायड्रोकार्बनचा सुमारे पाचवा भाग या नळीतून जातो, असे आढळल्यावर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९६१ च्या मोटारींपासून तो पुन्हा इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था आली. या व्यवस्थेतील झडप ‘पीसीव्ही व्हॉल्व्ह’ या नावाने ओळखली जाते. भारतातही भारत स्टेज मानकांनुसार तेलाच्या कोठीतील वायू वातावरणात सोडण्यास परवानगी नाही.

इंजिन मंद गतीवर असताना इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वात ओढ जोरदार असते. त्या वेळी झडप जवळजवळ मिटते आणि मोजकाच वायू जाऊ देते. भार वाढला की ओढ कमी होते, झडप अधिक उघडते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ओढ जवळपास नाहीशी होते आणि जादा वायू दुसऱ्या नळीने हवेच्या फिल्टरकडे परततो. महामार्गावरील लांब प्रवासानंतर फिल्टरच्या पेटीत तेल आढळण्याचे कारण हेच आहे.

भिलाईसारख्या ठिकाणी ही वाट चोंदण्यास दोन गोष्टी हातभार लावतात. छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही. तेलातील पाण्याची वाफ आतच थिजते आणि पावसाळ्यात व हिवाळ्यात तेलाच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसू लागतो. हाच फेस काजळीत मिसळून चिकट गाळ होतो आणि झडप व नळ्या बुजवतो. दुसरी गोष्ट धूळ. हवेचा फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसलेला असेल, तर आत गेलेली बारीक धूळ रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासत राहते. पहिल्या कारणाचा उपाय स्वस्त आहे, दुसऱ्याचा महाग. म्हणून आपल्या मोटारीला यांपैकी कोणता दोष आहे, हे आधी ठरवावे लागते.

धुराचा रंग आणि वेळ

निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. पण तो केव्हा दिसतो, याला अधिक महत्त्व आहे. रात्रभर उभी असलेली मोटार सकाळी सुरू करताच निळा लोट येऊन थांबत असेल, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना धूर येत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या तेल-सीलवर घ्यावा. चढावर किंवा ओव्हरटेक करताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगांची झीज संभवते. पांढरा धूर कायम राहून रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे लागते. काळा धूर इंधन जादा जात असल्याचे दर्शवतो. त्याचा बॅक कॉम्प्रेशनशी थेट संबंध नाही.

तेलाची पातळीही प्रथम पाहावी. मोजपट्टीच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरले असेल, तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करते आणि निरोगी इंजिनही बॅक कॉम्प्रेशनची सर्व लक्षणे दाखवते.

निदानाच्या पायऱ्या

पहिली पायरी घरीही करता येते. इंजिन गरम करून मंद गतीवर ठेवावे आणि तेलाचे झाकण सैल करून तोंडावर उलटे ठेवावे. झाकण किंचित थरथरणे स्वाभाविक आहे. ते उडून पडत असेल किंवा तोंडातून ठोके दिल्याप्रमाणे वाफ येत असेल, तर कोठीत दाब आहे. काही इंजिनांत या तोंडातून गरम तेल उडते, त्यामुळे चेहरा दूर ठेवणे आवश्यक आहे.

या चाचणीवरून दाब आहे एवढेच कळते. तो का आहे, हे कळत नाही. म्हणून दुसरी पायरी पीसीव्ही व्हॉल्व्हची. इंजिन मंद गतीवर असताना झडप तिच्या जागेवरून काढून तोंडावर बोट ठेवल्यास स्पष्ट ओढ जाणवली पाहिजे. इंजिन बंद करून झडप हलवल्यास बहुतेक प्रकारांत आतील तुकड्याचा खुळखुळ आवाज येतो. आवाज नसेल, ओढ नसेल किंवा नळी मऊ पडून आतून चिकटली असेल, तर दोष तेथेच असण्याची शक्यता मोठी आहे. झडप व नळ्या बदलल्यावर तेलाच्या तोंडावर ठेवलेला पातळ कागद मंद गतीवर हलकेच आत ओढला गेला, तर इंजिन उघडण्याचे कारण उरत नाही.

वाट मोकळी असूनही दाब कायम राहिला, तर तिसरी पायरी कॉम्प्रेशन चाचणीची. गरम इंजिनाचे सर्व प्लग काढून, इग्निशन आणि इंधनपुरवठा तोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला जातो. आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. मात्र सिलिंडरांमधील फरक अधिक बोलका असतो. तो १० ते १५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर दाब ठळकपणे वाढला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. दाब तसाच राहिला, तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी असेल, तर त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याचा संशय बळावतो.

अंतिम खात्री लीक-डाउन चाचणी देते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या सर्वोच्च बिंदूवर आणून प्लगच्या छिद्रातून ठरावीक दाबाची हवा सोडतात आणि किती निसटते ते पाहतात. हवेचा आवाज तेलाच्या तोंडातून आला तर रिंगा, धुराड्यातून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीतून आला तर इनटेक व्हॉल्व्ह आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट सदोष समजले जाते. हवेच्या दाबाने इंजिन अचानक फिरू शकते, म्हणून ही चाचणी अनुभवी हातांनीच करावी.

स्वस्तापासून महागाकडे

दुरुस्तीचा क्रमही निदानाप्रमाणेच असावा. झडप, नळ्या आणि ब्रीदरची जाळी यांची स्वच्छता, योग्य दर्जाचे तेल आणि नवा फिल्टर हा पहिला टप्पा. धूर दडपण्यासाठी फार घट्ट तेल भरणे हा उपाय नव्हे. थंड इंजिनात असे तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज वाढते. गाळ साचलेल्या इंजिनात तीव्र फ्लश वापरल्यास सुटलेला गाळ तेलपंपाच्या जाळीत अडकू शकतो. त्यापेक्षा कमी अंतराने दोन-तीनदा तेल बदलणे सुरक्षित ठरते.

बराच काळ उभ्या राहिलेल्या मोटारीत रिंगा कार्बनमुळे खाचेत चिकटलेल्या असू शकतात. प्लगच्या छिद्रातून कार्बन विरघळवणारे द्रव टाकून रात्रभर ठेवल्यास त्या कधी कधी सुटतात. यानंतर प्लग काढलेल्या अवस्थेतच इंजिन फिरवून द्रव बाहेर काढणे आणि तेल बदलणे अनिवार्य आहे. दोष केवळ व्हॉल्व्हच्या सीलचा असेल, तर सील बदलून काम भागते; पिस्टनला हात लावावा लागत नाही.

रिंगांची झीज सिद्ध झाली, तरी निर्णय सिलिंडरचे मोजमाप घेतल्यावरच घ्यावा. व्यास मर्यादेत असेल, तर होनिंग करून नव्या रिंगा बसवता येतात. सिलिंडर अंडाकृती झाला असेल, तर नव्या रिंगा फार काळ टिकत नाहीत. तेव्हा बोअर वाढवून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन घालावे लागतात, अथवा नवी स्लीव्ह बसवावी लागते. या कामानंतर पहिले हजार किलोमीटर वेग व भार बदलता ठेवणे आणि इंजिन तासन्‌तास मंद गतीवर न चालवणे आवश्यक असते; अन्यथा सिलिंडरची भिंत गुळगुळीत होऊन रिंगा बसत नाहीत.

दुर्लक्ष कशासाठी महाग?

गळणारे तेल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडल्यास आग लागू शकते. जळालेल्या तेलातील फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो आणि पीयूसी चाचणीत हायड्रोकार्बनचे प्रमाण वाढते. तेलाची पातळी लक्ष न देता उतरत गेली, तर बेअरिंग जळून संपूर्ण इंजिनच गमवावे लागते.

कायद्याची बाजूही आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते आणि १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे. मुंबईत २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेरीस प्रीमियर पद्मिनीच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने रस्त्याचा निरोप घेतला. खासगी मोटारीचे भवितव्य मात्र अनेक ठिकाणी तिच्या प्रकृतीवरच ठरते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. त्यामुळे अशा मोटारीच्या मालकापुढे दुरुस्ती की भंगार, हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी झडप, नळी आणि कॉम्प्रेशनचे आकडे हाती असावेत. ते नसताना इंजिन उघडणे किंवा मोटार मोडीत काढणे, दोन्ही निर्णय अंदाजावर घेतलेले ठरतात.